युट्रेख्टमध्ये न दिलेलं मत

सत्तावीस वर्षं मी मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवला. दर वर्षी कधी ना कधी नेदरलँड्सची पाळी यायची. फळ्यावर एक आडवी रेघ ओढायची, तिच्या वर ‘समुद्र’ लिहायचं, खाली ‘जमीन’ लिहायचं आणि मुलांना सांगायचं की हा देश पाण्याच्या पातळीखाली राहतो. कुणीतरी एक कार्टं विचारायचंच, “बाई, मग ते बुडत नाहीत?” “नाही बुडत, बांध आहेत,” असं मी ठणकावून सांगायची. स्वतः मात्र कृष्णेचा पूर सोडला तर पाण्याखालची जमीन कधी पाहिली नव्हती. या मे महिन्यात अकरा दिवस तो देश डोळ्यांनी बघून आले. रेघ मी बरोबर ओढत होते, एवढं समाधान आहे.

गेले होते ते व्हायोलिनसाठी, आणि तेही विद्यार्थिनी म्हणून. बावन्नाव्या वर्षी मी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पुण्यात हिंदुस्थानी व्हायोलिनच्या एम.ए.ला नाव घातलं. वर्गातली बाकीची मुलं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची. सरसुद्धा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ते मला ‘सुनंदाताई’ म्हणतात आणि चूक झाली की ताईसकट रागावतात.

युट्रेख्टला तरुण व्हायोलिनवादकांची एक स्पर्धा भरते. मोठे परीक्षक असतातच, शिवाय संगीत शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांचंही एक परीक्षक मंडळ असतं. हे चौघे ज्याला निवडतील त्याला एक जुनं, फार गोड आवाजाचं व्हायोलिन दोन वर्षं वाजवायला मिळतं. यंदा चौघांतला एक जण पाश्चात्त्य संगीताच्या बाहेरचा हवा, असं त्यांनी ठरवलं. सरांनी माझं नाव कळवलं. माझं वय कळवायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

झूटरमेर

माझ्या बहिणीचा मुलगा नचिकेत झूटरमेरला राहतो. आयटीत आहे. त्याची बायको केतकी, सहा वर्षांची इरा आणि चार सायकली असं कुटुंब. घराच्या मागे हातभर बाग, बागेमागे पाट, पाटात बदकं. विमानाच्या प्रवासानं माझं घड्याळ बिघडलं होतं. भर दुपारी झोप यायची आणि पहाटे चारला टक्क जाग. त्यामुळे पहिले दोन दिवस मी जागी होते की झोपेत, ते आजही नीट सांगता येणार नाही. खिडकीतून बघावं तर पाटातून एखादी होडी आवाज न करता सरकत जायची. होडीतला माणूस हात हलवायचा. मीही हलवायची, आणि मग वाटायचं, हे खरंच झालं का?

केतकीनं पुरणपोळ्या केल्या होत्या. दोन खाल्ल्यावर मी ताटावर हात आडवा धरला. “नको गं, झालं.”

“मावशी, एक तरी. अर्धी?”

“अगं नको म्हटलं ना.”

“अर्धी तर अर्धी,” म्हणत तिनं अख्खी वाढली आणि तुपाची धार सोडली. मी कुरकुर करत ती आवडीनं खाल्ली. मला ती हवीच होती. मग केतकीनं इराला विचारलं, “तुला हवी?” मराठी सगळं कळणाऱ्या इरानं डचमध्ये “नेय” म्हटलं आणि केतकीनं डबा मिटला. दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.

“अगं, पोरीला आग्रह कर की जरा!”

“काही उपयोग नाही मावशी. नो म्हणजे नोच. शाळेत तसंच शिकवतात.” केतकी हसायला लागली. “तुम्हीपण बाहेर सांभाळा हं. इथे एकदाच विचारतात. फर्स्ट इयरला ऑफिसच्या पार्टीत मी प्रत्येकाला ‘नो, नो, थँक यू’ करत बसले आणि घरी येऊन मॅगी खाल्ली.”

मी पोट धरून हसले. मला वाटलं, हे सगळं खाण्यापिण्यापुरतंच असणार.

गाडीतला तोडी

झूटरमेरहून युट्रेख्टला रोज सकाळी गाडीनं जायचं. ही सकाळची गाडी मला त्या अकरा दिवसांतली सगळ्यात आवडती गोष्ट. खिडकीबाहेर कुरणं, कुरणांवर कमरेइतकं धुकं, धुक्यातून वर आलेली गाईंची नुसती पाठ. एका ठिकाणी कालवा चक्क शेताच्या वर होता. खाली गवत, वर बांध, आणि बांधाच्या माथ्यावरून एक जहाज चाललेलं. माझ्या फळ्यावरची रेघ तिथं पडलेली होती आणि तिच्यावरून जहाज जात होतं. मी खिडकीला नाक लावून बसले. शाळेतली सगळी मुलं त्या क्षणी शेजारी हवी होती.

पहिल्या दिवशी अशीच बघत असताना शेजारच्या आजोबांनी माझ्या दंडाला हळूच स्पर्श केला आणि काचेवरची अक्षरं दाखवली. हा शांततेचा डबा होता आणि मी गुणगुणत होते. लाजेनं पाणी पाणी झाले. युट्रेख्टला उतरल्यावर फलाटावर ते थांबले. “आता बोलता येईल. ते काय होतं?”

“तोडी. सकाळी गातात.”

त्यांनी मान हलवली आणि थोडा विचार केला. “उद्या मी शेजारच्या डब्यात बसतो. तिथे गाता येतं.” दुसऱ्या दिवशी ते खरोखर तिथं बसलेले होते. खाउडा स्टेशन गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी अगदी हलक्या आवाजात तोडी गुणगुणले. मी गप्प झाल्यावर ते “छान” म्हणाले आणि पेपर उघडून वाचू लागले.

(ही आणि इथून पुढची सगळी बोलणी इंग्रजीत झाली. माझ्या इंग्रजीची लाज राखण्यासाठी ती मराठीत देते. आणि तिथं लहानमोठे सगळे एकमेकांना पहिल्या नावानंच हाक मारतात, म्हणून सगळीकडे ‘तू’ आहे.)

चर्चमधले दिवस

स्पर्धा एका जुन्या चर्चमध्ये होती. तिथं आता प्रार्थना होत नाहीत, मैफली होतात. उंच पांढऱ्या भिंती, उंच खिडक्या आणि खिडक्यांतून हळूहळू सरकत जाणारं ऊन. आम्हा चौघांना वरच्या सज्जात जागा दिली होती. आमच्या मंडळाची प्रमुख साने. सहा फूट उंच, व्हायोला वाजवणारी, वय तेवीस. तिनं मला बघितलं, कागद बघितला, पुन्हा मला बघितलं.

“तू विद्यार्थिनी?”

“हो.”

“मस्त,” ती म्हणाली आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र माझ्या हातात दिलं. आपल्याकडे या एका ‘मस्त’च्या जागी माझं माहेर, सासर, गुडघे आणि निवृत्तिवेतन असा सगळा इतिहास झाला असता. मला थोडं चुकल्याचुकल्यासारखंच वाटलं.

दुसरा ब्रॅम, पियानो शिकणारा, मापात बोलणारा आणि मापात हसणारा. तिसरी लुसिया, स्पेनमधून इथं व्हायोलिन शिकायला आलेली. तिचे डोळे सतत भरून आलेले असायचे. खरं तर तिला फुलांच्या परागांचा त्रास होता.

सानेनं नियम सांगितले. स्पर्धकाची गरज बघायची नाही, वाजवणं बघायचं. गुण द्यायचे नाहीत, बोलून ठरवायचं. मतं दोन-दोन झाली तर ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकायचं. आणि नंतर बाहेर कुणी विचारलं तर स्वतःचं मत खुशाल सांगायचं, दुसऱ्याचं सांगायचं नाही. मी हे सगळं वहीत शाळेतल्या टिपणासारखं लिहून घेतलं.

मग तीन दिवस आम्ही ऐकत होतो. याहून जास्त त्याचं वर्णन मला जमत नाही. सकाळी दहाला पहिला गज तारेवर पडायचा आणि थेट संध्याकाळी पाचला शेवटचा. मधल्या वेळात ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जायचं. त्या संगीताचं व्याकरण मला येत नाही. आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवतो, आणि हात मोकळा राहिला की स्वरावरून स्वरावर घसरत जातो. ही मुलं उभी राहायची, वाद्य हनुवटीखाली धरायची, आणि स्वर पायऱ्यापायऱ्यांनी चढायचे. पहिल्या दिवशी मी त्यात मींड शोधत होते. दुसऱ्या दिवशी शोधणं सोडलं. त्यानंतर कधीकधी डोळे मिटले की आपण कुठल्या देशात आहोत हेच विसरायला व्हायचं. कुणीतरी पाण्याच्या कडेनं चाललंय आणि थांबायचं नाव घेत नाही, असं काहीतरी दिसत राहायचं. डोळे उघडले की साने शिसपेन्सिलीनं भराभर लिहीत असायची आणि माझ्या वहीत एक अक्षर नसायचं.

दुपारी कालव्याकाठी जेवण. युट्रेख्टचे कालवे रस्त्याच्या एक मजला खाली आहेत. पायऱ्या उतरून गेलं की पाण्याच्या बरोबरीनं आणखी एक रस्ता, झाडांच्या मुळांपाशी टेबलं मांडलेली, आणि वरून सायकली नुसत्या ऐकू येतात. जेवण म्हणजे पाव आणि चीज. सोबत ते ज्याला कार्नेमेल्क म्हणतात ते, म्हणजे चक्क ताक! पहिला घोट घेतला आणि मी ओरडलेच. मीठ मागितलं, जिऱ्याची आठवण काढली. ब्रॅमनं माझं मीठ घातलेलं ताक चाखून बघितलं आणि अगदी विचारपूर्वक “नाही” म्हणाला. त्याच्या आईनं सफरचंदाचा केक दिला होता. त्यानं डबा माझ्यापुढे धरला. “घेणार?”

“नको नको, राहू दे,” मी म्हणाले, आणि माझा हात केकच्या दिशेनं निघालाही. ब्रॅमनं डबा मिटून पिशवीत टाकला. केतकीची मॅगी आठवून मी मनात हसले. इथंतरी शहाणं व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दुपारी लुसियानं हट्ट धरला म्हणून मी तिच्या व्हायोलिनवर आपली पद्धत दाखवली. सज्जात शाल अंथरली, मांडी घातली, वाद्य पावलावर टेकवलं आणि थोडा भीमपलास वाजवला. मग तिघांनीही बसून बघितलं. सानेचे पाय एवढे लांब की मांडीच जमेना. लुसियाला जमलं, पण पाच मिनिटांत पायाला मुंग्या आल्या आणि ती ओरडत उठली. ब्रॅम म्हणाला, “पण तुम्ही कुठे सुरू करता आणि कुठे संपवता, ते कसं ठरतं?” मी म्हटलं, “ऐकता ऐकता ठरतं.” त्याला ते पटलं नाही, आणि तसं त्यानं सांगितलंही. मला हा मुलगा आवडायला लागला होता.

शनिवार, अंतिम फेरी

अंतिम फेरीत तिघं होते. त्यातली एक मुलगी नीटनेटकं वाजवून गेली. तिच्याबद्दल नंतर कुणीच फार बोललं नाही. मग आला कास्पर. हसरा, देखणा, आणि बोटं अशी की चर्चमधल्या म्हाताऱ्यासुद्धा पुढं सरकून बसल्या. एक स्वर इकडचा तिकडे झाला नाही. टाळ्या कितीतरी वेळ चालल्या.

शेवटी मरित. नायमेखनजवळच्या एका गावातली, एकोणीस वर्षांची. करडा शर्ट, केस कानामागे खोचलेले. तिच्याबद्दलच्या पत्रकात लिहिलं होतं की ती वाजवते ते व्हायोलिन तिच्या संगीतशाळेचं आहे. शिक्षण संपलं की उन्हाळ्यात ते परत करायचं. गरज बघायची नाही हे मला माहीत होतं. तरी ते वाचल्यावर मला तिच्या वाद्याकडे दोनदा बघावंसं वाटलं.

तिनं एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली एक जुनी संथ रचना घेतली. पहिला स्वर लावला आणि तो तिनं असा धरून ठेवला की मी वही मिटली. पुण्यात सर सांगून सांगून दमतात, ‘सुनंदाताई, स्वर लावा, मग त्याच्याजवळ बसा.’ ही मुलगी उभी राहून स्वराजवळ बसली होती. रचनेच्या मध्यावर एक विराम आला. तिनं गज उचलला, आणि नेमकी त्याच क्षणी बाहेरच्या मोठ्या मनोऱ्यावरची घंटा सुरू झाली. चार ठोके. मरितनं पुढचा स्वर लावला नाही. ती गज हवेत धरून घंटा ऐकत उभी राहिली. शेवटच्या ठोक्याचा नाद भिंतींमध्ये विरत विरत अगदी बारीक झाला, आणि त्या नादाच्या टोकावर तिनं आपला स्वर अलगद ठेवला. घंटेचाच स्वर पुढे चालू झाला असं मला वाटलं. माझ्या अंगावर काटा आला. वही उघडून मी लिहायला लागले आणि चार पानं भरली. मी परकी आहे, यांच्यातलं मला काही कळत नाही, हे तेवढ्या वेळापुरतं विसरून गेले.

मग आम्ही चौघं मागच्या लहान खोलीत गेलो. टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जग. साने म्हणाली, “सुनंदा, तू सुरू करतेस?”

“नको नको, आधी तुम्ही.”

ब्रॅम म्हणाला, “कास्पर. निर्दोष वाजवलं. मरितनं विराम ताणला. लिहिलेल्यापेक्षा खूप जास्त. माप मोडलं.” लुसिया म्हणाली, “मला मरित आवडली. पण विरामाचं ब्रॅम म्हणतो ते खरं आहे. त्याला मला उत्तर देता येत नाही.” साने म्हणाली, “माझाही कास्पर.” मग तिनं माझ्याकडे बघितलं. “सुनंदा, तुझं?”

आता हे नीट सांगायला हवं. मिरजेत आणि आसपास मी कितीतरी गायनस्पर्धांना परीक्षक म्हणून बसले आहे. तिथं आम्ही तिघं परीक्षक असलो की प्रत्येक जण आधी म्हणणार, “तुम्ही ठरवा, मला सगळं मान्य आहे.” मग दुसरा म्हणणार, “छे छे, तुम्ही सांगितल्याशिवाय पुढे जायचंच नाही.” मग तिसरा आग्रह करणार, चहा येणार, आणि तेव्हा कुठं माणूस मनातलं बोलणार. पहिल्या फटक्यात आपलं मत टेबलावर आपटणं आम्हाला उद्धटपणाचं वाटतं. आणि इथं तर मी पाहुणी, त्यांच्या संगीतातली अडाणी.

मी वहीवर हात ठेवले आणि म्हणाले, “तिघंही छान वाजवतात. तुम्ही जाणकार आहात. तुम्ही ठरवाल ते मला मान्य.”

आणि थांबले. चार पानं माझ्या हाताखाली होती. सुरुवातीचं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

“ठीक आहे. धन्यवाद,” साने म्हणाली. “मग कास्पर.” तिनं नाव लिहिलं, कागद पाकिटात घातला आणि ती उठली. ब्रॅमनं खिडकी उघडली. मी तशीच बसून राहिले. दार लागल्याचा आवाज आला तरी मला वाटत होतं की अजून कुणीतरी विचारेल.

लुसियानं मला बाहेर गाठलं. “तू एवढं काय लिहीत होतीस?”

मी सांगितलं. घंटेचं, विरामाचं, ऐकून मग स्वर लावण्याचं. आमच्याकडे माप लिहिलेलं नसतं, म्हणून थांबायचं कुठवर हे ऐकूनच ठरवावं लागतं, आणि त्या मुलीनं ते भर स्पर्धेत केलं, हे सगळं सांगितलं. लुसिया डोळे पुसायची थांबली.

“हेच तर मला उत्तर हवं होतं! सुनंदा, मग दोन-दोन झालं असतं. पुन्हा ऐकलं असतं आपण.”

मी जवळजवळ पळतच सानेला शोधायला गेले. चोपन्नाव्या वर्षी, साडीत, दगडी जिन्यावरून. पाकीट तिनं तोवर देऊन टाकलं होतं आणि खाली निकाल वाचायला सुरुवात झाली होती. कास्परनं ते जुनं व्हायोलिन दोन्ही हातांत घेतलं तेव्हा सगळ्यात आधी उभी राहून टाळ्या वाजवत होती ती मरित. मला तिच्याकडे बघवेना. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटल्याचं आठवत नाही.

घरी केतकीनं आमटीभात केला होता. तिनं तीनदा विचारलं आणि मी तीनदा नाही म्हटलं. त्या दिवशी मला खरंच नको होतं.

रविवार, दहा मिनिटं

तिथं एक पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक स्पर्धक प्रत्येक परीक्षकाला एकेकटं भेटतो. दहा मिनिटं. काय आवडलं, काय नाही, समोरासमोर. आपल्याकडे हरलेला मुलगा आदल्या दिवशीच गाव सोडून गेला असता आणि परीक्षकानंही सुटकेचा श्वास टाकला असता.

मी पाण्याकाठच्या खोलीत बसले होते. कालव्यात एक बदक सात पिल्लं घेऊन चाललं होतं. मरित सायकलवरून आली, पाठीवर व्हायोलिनची पेटी. माझ्यासमोर बसली आणि वही काढली.

“माझ्याबद्दल काय सांगशील?”

“तू फार सुंदर वाजवलंस.”

“ते सगळ्यांनी सांगितलं. तू कुणाचं नाव घेतलंस?”

सुटायला वाट होती. हसून विषय बदलता आला असता. पण तिचे डोळे इतके सरळ होते की मला खोटं बोलवेना.

“कुणाचंच नाही.”

“कुणी आवडलं नाही?”

“तू आवडलीस.”

तिनं पेन खाली ठेवलं. “मग माझं नाव का नाही घेतलंस?”

“मला वाटलं, मला परत एकदा विचारतील.” मग मी तिला आग्रहाबद्दल सांगितलं. पाहुण्याला तीनदा विचारतात, पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, लगेच हो म्हणणं हावरटपणाचं दिसतं. बोलता बोलता मला माझंच बोलणं फार लांबचं वाटायला लागलं.

मरितनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पण ते तुझं जेवण नव्हतं. माझं व्हायोलिन होतं.”

बदक पिल्लांसकट पुलाखाली गेलं. माझे डोळे भरून आले आणि मी म्हणाले, “माझं चुकलं. फार चुकलं.” तिनं ‘असू दे’ म्हटलं नाही. मी त्याचीही वाट बघत होते, हे मला नंतर कळलं.

“सहा मिनिटं आहेत,” ती म्हणाली. “मी परत विचारते. घंटा वाजली तेव्हा मी थांबले. ते तुला कसं वाटलं?”

मी वही उघडली. चारही पानं तिला वाचून दाखवली. मराठीतून इंग्रजी करत, अडखळत. शब्द सापडला नाही तिथं गाऊन. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी संपवलं तेव्हा तिनं पेटीतून एक कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

“हे लिहून दे. वाद्य उसनं देणाऱ्या आणखी संस्था आहेत. त्यांना पत्रं लागतात. परीक्षकाचं पत्र असलं तर ते वाचतात.”

मी लिहायला घेतलं. इंग्रजीत, माझ्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात. पहिली ओळ आपोआप आली. ‘मी वेगळ्या संगीताची एक साधी विद्यार्थिनी आहे, माझं मत चुकीचंही असू शकेल, तरी’... मरित उठून माझ्या मागे आली होती आणि खांद्यावरून वाचत होती.

“तुझं मत चुकीचं आहे असं तुला वाटतं?”

“नाही.”

“मग हे कशाला?”

मी ती ओळ खोडली. पुढे कुठंतरी ‘सहपरीक्षकांच्या निर्णयाचा पूर्ण आदर राखून’ आलं. तिनं त्यावर नुसतं बोट ठेवलं. तेही खोडलं. शेवटी सात ओळी उरल्या. घंटा, विराम, तिचं ऐकणं, आणि शेवटी एवढंच की मी तिघांना ऐकलं आणि व्हायोलिन हिला दिलं असतं. खाली सही केली, पत्ता लिहिला.

“फोन नंबरही,” मरित म्हणाली. “कधीकधी ते फोन करून विचारतात.”

मी नंबर लिहिला. तिनं कागदाची घडी घातली, पेटीत त्या परत करायच्या व्हायोलिनखाली सरकवली आणि पेटी मिटली. दारात ती थांबली.

“ते एकदाच विचारतील,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

तिनं मान हलवली आणि सायकल घेऊन कालव्याच्या कडेनं गेली.

मिरजेला परत येऊन तीन आठवडे झाले. फोन अजून आलेला नाही. तो मी उशाशी घेऊन झोपते, देवपूजेलाही शेजारी ठेवते. परवा अनोळखी नंबर दिसला म्हणून कणकेच्या हातानं उचलला आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत “मरित” म्हणाले. गॅसवाला होता.